युद्धात बाळंतीण आणि तान्हं बाळ यांच्या मनाचं नेमकं काय होतं

"एवढ्याशा बाळाला काय कळतंय, मोठं झाल्यावर आठवणार पण नाही." युद्धाच्या बातम्या चालू असल्या की कुणीतरी हे बोलतंच, आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला स्वतःलाच धीर द्यायचा असतो. मलाही खूप वर्षं असंच वाटायचं. मग या विषयावर वाचत गेले तसं लक्षात आलं की यातलं अर्धंच खरं आहे. बाळाला युद्ध कळत नाही, सीमा कळत नाही, कुणाचं सैन्य कुठून आलं ते कळत नाही. पण ज्या छातीवर ते झोपतं तिथली धडधड त्याला कळते, पाजताना आईचे हात आवळलेले आहेत की सैल आहेत ते कळतं, आपण हसलो तर समोरून हसू येतंय की नाही हे तर दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही कळतं. त्यामुळे युद्धाने बाळाच्या मनाचं काय होतं हे समजून घ्यायचं तर आधी आईचं काय चाललंय ते बघावं लागतं, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

हे काही काल-परवा कळलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा मुलांच्या मनावर काम करणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी तिथल्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरं चालवली, युद्धामुळे घर विस्कटलेली मुलं तिथं रात्रंदिवस राहायची आणि या दोघी आणि त्यांचे सहकारी त्यांच्या बारीक नोंदी ठेवायचे. त्याच्या आधी, सप्टेंबर 1939 च्या पहिल्या काही दिवसांत, ब्रिटनच्या शहरांमधून साधारण 15 लाख लोकांना, त्यात मोठ्या संख्येने मुलंच, खेड्यापाड्यांत हलवलं होतं. हेतू चांगला होता, मुलांचा जीव वाचावा. पण पाळणाघरात या दोघींना दिसलं ते असं की जी मुलं बॉम्बहल्ल्यात आईबरोबर होती आणि शरीराने धड राहिली, ती बऱ्याचदा सावरलेली असायची, आणि जी मुलं सुरक्षित जागी पण आईवाचून होती ती जास्त खचलेली असायची. आई स्वतः घाबरून थरथरत असेल तर मूलही थरथरायचं, आई शांत असेल तर मूल भोंग्याच्या आवाजात सुद्धा झोपायचं. मग त्यांनी पाळणाघराची व्यवस्थाच बदलली, चार-पाच मुलांमागे एक ठरलेली बाई, तीच खाऊ घालणार, तीच अंघोळ घालणार, तीच झोपवणार. सुरुवातीला मुलांमध्ये भयंकर रडारड आणि "माझी बाई" म्हणून भांडणं झाली, पण थोड्याच दिवसांत बोलणं, शी-शूची सवय सगळं पुढे सरकायला लागलं. पुढे 1951 मध्ये जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी युद्धानंतर बेघर झालेल्या मुलांवर अहवाल लिहिला, त्याचंही म्हणणं हेच की लहान मुलाला एका माणसाचं सलग, उबदार प्रेम लागतं, नुसतं अन्न आणि छप्पर पुरत नाही.

यावरून कुणी असं समजू नये की बॉम्बने काही होत नाही. बॉम्बने माणसं मरतात, आयाही मरतात, बाळंही मरतात. युनिसेफच्या 2024 च्या शेवटच्या आकड्यांप्रमाणे जगात 47 कोटी 30 लाखांहून जास्त मुलं, म्हणजे सहा मुलांमागे एकाहून जास्त, संघर्षाच्या भागात राहतायत. आणि बाळंतपण युद्धविरामाची वाट बघत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझात युद्ध पेटलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता की तिथं साधारण 50 हजार बायका गरोदर आहेत आणि रोज 180 च्या आसपास बाळंतपणं होणार आहेत. युक्रेनच्या मारिउपोलमध्ये 9 मार्च 2022 ला चक्क प्रसूती रुग्णालयावर हल्ला झाला. अशा ठिकाणी वेणा सुरू झालेली बाई काय विचार करत असेल, दवाखान्यात जाणं जास्त धोक्याचं की घरातच राहणं, हा प्रश्न तिला पडतो हेच किती वाईट आहे.

आता शरीरात काय होतं ते बघू. माणूस घाबरला की अंगात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, काळजाचे ठोके वाढतात, पळायची किंवा लढायची तयारी होते, धोका टळला की सगळं परत खाली येतं. ही चांगली व्यवस्था आहे, पण ती थोड्या वेळासाठी बनलेली आहे. महिनोन् महिने धोका टळतच नाही तेव्हा ती बंदच होत नाही. गरोदर बाईच्या बाबतीत निसर्गाने आणखी एक सोय केलीये, वारेमध्ये (प्लॅसेंटामध्ये) एक एन्झाइम असतं जे आईच्या रक्तातलं बरंचसं कॉर्टिसोल बाळापर्यंत पोचायच्या आधीच निष्क्रिय करतं. म्हणजे आईला चार दिवस टेन्शन आलं म्हणून पोटातल्या बाळाचं काही बिघडत नाही, हे प्रत्येक गरोदर बाईला मुद्दाम सांगायला हवं. पण ताण खूप मोठा आणि खूप लांबला तर ही गाळणी कमजोर पडते, त्यात उपासमार, तपासण्या नाहीत, रक्त कमी, मग दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि वजनाने कमी बाळ याची शक्यता वाढते. काँगोच्या पूर्व भागात, जिथं वर्षानुवर्षं लढाई आणि बायकांवर अत्याचार चालू आहेत, तिथं 25 आया आणि त्यांच्या नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, 2012 मध्ये छापून आला. आईने जितकं जास्त भोगलेलं तितकं बाळाचं वजन कमी, आणि ताणाला प्रतिसाद देणाऱ्या एका जनुकावर बाळाच्या रक्तात रासायनिक खुणा वेगळ्या. 25 म्हणजे फारच थोड्या जोड्या, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दिशा कळते.

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी देशाच्या पश्चिम भागाची अन्नाची वाट अडवली, माणशी रेशन दिवसाला 1000 कॅलरीच्याही खाली गेलं, आणि मे 1945 मध्ये देश मुक्त होईपर्यंत हे चाललं. तिथं जन्माच्या आणि आरोग्याच्या नोंदी चांगल्या होत्या म्हणून त्या काळात पोटात असलेल्या बाळांवर संशोधकांना पुढे कित्येक दशकं लक्ष ठेवता आलं. ज्यांची गर्भधारणा ऐन उपासमारीत झाली त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं, आणि जवळजवळ 60 वर्षांनी तपासलेल्या रक्तातही एका वाढीच्या जनुकावरच्या खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या सापडल्या. पण इथं थोडं थांबा, कारण दुप्पट हा शब्द ऐकून लोक घाबरतात. हा आजार मुळात साधारण शंभरात एकाला होतो, दुप्पट म्हणजे शंभरात दोघांना, म्हणजे त्या भयंकर हिवाळ्यात पोटात वाढलेल्या बहुतेक सगळ्या लोकांना हा आजार झालेला नाही. धोका वाढणं वेगळं आणि नशीब लिहिलं जाणं वेगळं. युद्धातल्या मुलांबद्दल "ही पिढीच गेली" असं जे लिहितात ना त्याचा मला राग येतो, कारण ते खरं पण नाही आणि त्या आयांना ते वाचायला लागतं.

बाळ जन्मल्यावर आईचं काय होतं? शांततेच्या काळातसुद्धा, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार, गरोदर बायकांपैकी 10 टक्के आणि बाळंतिणींपैकी 13 टक्के जणींना मानसिक आजार होतो, बहुतेक वेळा डिप्रेशन, आणि विकसनशील देशांत हे आकडे जवळजवळ 16 आणि 20 टक्क्यांपर्यंत जातात. दुसरीकडे 2019 चा एक मोठा अंदाज सांगतो की युद्धग्रस्त भागातल्या पाच माणसांमागे एकाहून जास्त माणसाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. हे दोन्ही ओझं एकाच बाईवर एकाच वेळी पडतं. नवरा आघाडीवर, किंवा बेपत्ता. बेपत्ता हा प्रकार तर फार वाईट, मेला म्हणून रडता येत नाही आणि येईल म्हणून जगता येत नाही. आई, सासू, बहीण, शेजारीण अशी जी माणसं बाळंतिणीला सांभाळतात ती सगळी वेगवेगळ्या देशांत विखुरलेली. घरात सगळ्यात शेवटी जेवणारी तीच. आणि तंबूत किंवा छावणीत घरातल्या मारहाणीचं प्रमाणही वाढतं, ते कुणी मोजत बसत नाही.

मग या बाईचं मन काय करतं? कधी ते सतत पहाऱ्यावर राहतं, दार वाजलं तरी दचकतं, रात्री बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. कधी ते सगळं बंदच करून टाकतं, ती बाळाला पाजते, कपडे बदलते, पण यंत्रासारखी, आत काहीच हलत नाही, आणि मग स्वतःलाच खात राहते की मी कसली आई, मला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही. मला हे वाचून सगळ्यात जास्त हलायला झालं की कित्येक आयांसाठी बाळाचं रडणं हाच भीतीचा भोंगा झालेला असतो. विचार करा, हत्यारबंद माणसं बाहेर फिरतायत, तुम्ही वीस जण तळघरात लपलात, आणि तुमच्या कडेवरचं बाळ रडायला लागतं. सगळे तुमच्याकडे बघतायत. तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवता. ती रात्र संपते, तुम्ही वाचता, पण नंतर सहा महिन्यांनी सुरक्षित ठिकाणी बाळ भुकेने साधं रडलं तरी तुमचं अंग त्याच तळघरात परत जातं. बाहेरून बघणारा म्हणतो ही बाई बाळावर एवढी का खेकसते. ती खेकसत नसते, ती घाबरलेली असते.

आणि बाळाला काय दिसतं? 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग तिला सांगतात की आता काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेव, हसू नको, बोलू नको. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, म्हणजे आईला परत आणायला जे जे येतं ते सगळं करून बघतं, आणि काहीच झालं नाही की मान फिरवतं, अंग सोडून देतं. हे फक्त काही मिनिटांत. डिप्रेशनमध्ये असलेल्या आईचा चेहरा दिवसच्या दिवस तसा असू शकतो आणि त्यात तिची एक टक्काही चूक नसते. पण त्याच अभ्यासातून पुढे निघालेली एक गोष्ट मला फार धीराची वाटते, अगदी सुखी घरातसुद्धा आई आणि बाळ निम्म्याहून जास्त वेळ एकमेकांशी जुळलेले नसतात. चुकामूक होते, मग परत सापडतात, परत चुकामूक. बाळ शिकतं ते या परत सापडण्यातून. म्हणजे दिवसभर हसरी आई लागत नाही, दिवसात काही वेळा परत येणारी आई लागते, आणि तेवढ्यासाठी तिच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असायला हवी, आणि तिच्यात ती नसेल तेव्हा आज्जी किंवा बाप तिथं हवा. बापाबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण बाळाला जवळ घेणारं दुसरं एक स्थिर माणूस असलं की आईच्या आजाराचा बाळावरचा भार खरंच हलका होतो.

बाळात दिसणारी लक्षणं बऱ्याचदा शरीरातूनच दिसतात कारण त्याच्याकडे शब्द नाहीत. झोप तुटक, पिताना मध्येच तोंड फिरवणं, बारीक आवाजाला दचकून अख्खं अंग ताठ करणं, कुणी उचललं तरी शांत न होणं. वर्ष-दीड वर्षाचं असेल तर शिकलेले शब्द गळून जातात, चालणारं मूल परत कडेवरून उतरत नाही, दोन-तीन वर्षांचं असेल तर खेळात तेच तेच पाडणं, लपवणं, धाडधाड आवाज. पण ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गप्प बाळ. गर्दीच्या छावणीत न रडणारं बाळ सगळ्यांना गुणी वाटतं. ते डोळ्यांत बघत नसेल, खेळणं दिलं तरी हात पुढे करत नसेल, अनोळखी माणसाने उचललं तरी आईकडे वळून बघत नसेल, तर ते गुणी नसतं, त्याने हाक मारणं सोडलेलं असतं. अशा बाळाची आधी भूक आणि आजार तपासायचा, कारण कुपोषणातही बाळ असंच मलूल होतं, आणि मग आईजवळ बसायचं.

दुधाबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण यात चांगल्या मनाचे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. युद्धात प्रत्येक दुसरी आई सांगते की धसक्याने माझं दूध आटलं. बहुतेक वेळा दूध तयार होणं थांबलेलं नसतं, पान्हा फुटत नसतो. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं आणि भीती, वेदना, लाज यांनी ते अडतं, म्हणून बाळ ओढतं पण येत नाही, चिडून रडतं, आई आणखी घाबरते, आणि हे चक्र चालू राहतं. आईला आडोसा, पाणी, पोटभर जेवण आणि शेजारी एक समजूतदार बाई मिळाली, बाळ उघड्या छातीवर ठेवलं आणि पुन्हा पुन्हा पाजत राहिली तर पान्हा बहुधा परत येतो. याऐवजी ट्रक भरून पावडरच्या दुधाचे डबे वाटले जातात. पाणी घाण, उकळायला इंधन नाही, बाटली धुवायला जागा नाही, बाळाला जुलाब लागतात, आणि दोन आठवड्यांनी डबे संपतात तोवर आईचं दूध खरंच कमी झालेलं असतं. ज्या बाळाची आई गेलीये किंवा जवळ नाही किंवा फार आजारी आहे त्याला वरचं दूध लागणारच, त्याला ते द्यायलाच हवं, पण स्वच्छ पाणी, भांडी, वाटी-चमचा आणि रोज बघणारं माणूस यांच्यासकट. आणि पाजणं म्हणजे नुसतं पोट भरणं नसतं, सगळं हातातून गेलेल्या बाईला "हे अजून मला जमतंय" असं वाटणारी ती एकच गोष्ट असू शकते, तीही डब्याबरोबर जाते.

एक विषय अवघड आहे पण टाळता येत नाही. बोस्निया, रवांडा, काँगो, अशा कितीतरी युद्धांत बलात्कार हे हत्यार म्हणून वापरलं गेलं, सुरक्षा परिषदेने 2008 च्या ठराव 1820 मध्ये हे स्पष्ट नोंदवलं. त्यातून जन्मलेल्या बाळाकडे बघताना आईला एकाच क्षणी माया पण येते आणि शिसारी पण, आणि वस्ती त्या दोघांना वाळीत टाकते. अशा आईला "बाळाचा काय दोष" असं ऐकवणं क्रूर आहे, तिला ते माहीत असतं. तिला दोन्ही भावना बोलून दाखवता येतील असं एक तरी माणूस लागतं आणि बाळाला तिच्याशिवायही कुणीतरी जवळ घेणारं लागतं, आणि बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय तिच्यावर लादायचा नसतो.

मदत कशाने होते? पहिली गोष्ट, दोघांना तोडू नका, बाळाला वाचवायचं म्हणून आईपासून लांब नेऊ नका. दुसरी, तिला घडलेलं सगळं सांगायची बळजबरी करू नका. धक्क्यानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावणं याची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही, पहिल्या महिन्यात झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या सरसकट देण्याचीही नाही. आईला आवाज ऐकू येत असतील, स्वतःचा किंवा बाळाचा जीव घ्यायचे विचार येत असतील तर मात्र ते तातडीचं आहे, तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचंच.

बाकी जे उपयोगी पडतं ते ऐकायला इतकं साधं आहे की पैसे देणाऱ्यांना ते काम वाटत नाही. बोस्नियात युद्धानंतर घरदार सुटलेल्या 87 आया आणि त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर एक अभ्यास झाला. सगळ्यांना दवाखान्याची मदत मिळाली, पण त्यातल्या काही आया पाच महिने दर आठवड्याला एकत्र बसल्या, मुलांबद्दल आणि स्वतःबद्दल बोलल्या. त्या आयांचं मन बरं झालं, आणि त्यांच्या मुलांचं वजन सुद्धा जास्त वाढलं. म्हणजे कार्यक्रम आयांसाठी होता आणि अंगाला लागला मुलांच्या. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, तिथं युद्ध नव्हतं पण गरिबी होती, गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडं शिकवून डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं, शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत 16 भेटी. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांच्याकडे अशा भेटी झाल्या त्यांच्यात 23 टक्के आया डिप्रेशनमध्ये होत्या, आणि ज्यांच्याकडे नुसत्या साध्या भेटी झाल्या त्यांच्यात 53 टक्के. बाळांना जुलाब कमी, लसी जास्त पूर्ण, आणि आई-बाप दोघंही बाळाशी जास्त खेळायला लागले. हे 2008 मध्ये छापून आलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत सगळ्या जगासाठी पुस्तिका करून दिली, युद्धाच्या ठिकाणीही ती वापरता येते कारण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

पण पाकिस्तानातली हीच मुलं सात वर्षांची झाल्यावर परत तपासलं तेव्हा, या खास भेटी मिळालेल्या आणि नुसत्या साध्या भेटी मिळालेल्या आयांच्या मुलांमध्ये फरक उरलेला नव्हता. काही लोक याचा अर्थ लावतात की मग उपयोग काय. मला तो तसा वाटत नाही. त्या आया सहा वर्षं कशाच्या आधारावर राहिल्या असतील, दहाव्या महिन्यानंतर दार वाजवायला कुणीच आलेलं नव्हतं. युद्धाच्या भागातली बहुतेक मदत तर याहून कमी काळाची असते, निधी सहा महिन्यांचा, तंबू सहा महिन्यांचा, ओळखीची झालेली सेविका सातव्या महिन्यात दुसऱ्या देशात.